उजव्या हाताचा रामराम

माणसाला उजवा हात एकच असतो, याचं दुःख जगात कुणी मनापासून केलं असेल तर ते माझ्या धाकट्या दिरांनी. कुणाला घर अपुरं पडतं, कुणाला दिवस अपुरा पडतो. भाऊजींना हात अपुरा पडे. त्या एका हातापायी त्यांनी जेवढं डोकं चालवलं तेवढं दुसऱ्या कशात चालवलं असतं, तर आज ते कुठल्या कुठे असते. निदान आमच्या घरी तरी नसते, असं मी तेव्हा रोज म्हणत असे.

भाऊजी साखर कारखान्यात होते. दसरा जवळ आला की पाथर्डीकडच्या गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या ठरवायचं काम त्यांच्याकडे येई, आणि त्यासाठी नगरहून, म्हणजे आमच्या दारातून, रोज फटफटीवर जाणं-येणं असे. फटफटी लष्कराच्या लिलावातली. तिला चावी नव्हती. लिलावातच ती आली नव्हती. रेसची मूठ उजव्या हाताने पिळून धरली की गाडी चाले, सोडली की मूठ झटकन मागे फिरे आणि इंजिन जागच्या जागी मरे. बंद करण्याचीही तीच रीत. पायाचा ब्रेक फार पूर्वीपासून नुसता पाय ठेवायला उरला होता. मेलेलं इंजिन पुन्हा जिवंत करायचं म्हणजे मात्र किका मारमारून सदरा भिजे, आणि मग तो सदरा मी धुवायचा.

आता पाथर्डीचा रस्ता कसा, तर बांधावरचा माणूस, गाडीवान, शेळ्या वळणारी म्हातारी, जो दिसेल तो रामराम घालणार. टोळ्या ठरवणाऱ्या माणसाने तो घेतला नाही, तर उद्या त्याच्या शब्दावर घरदार बंद करून कोण निघेल? आणि रामराम घ्यायचा तो उजव्या हाताने. हात कपाळाकडे गेला की गाडी मेली. एक रामराम, एक मुक्काम. एस.टी.ने जाणारी माणसं पाथर्डीत जेवून परत निघत तेव्हा भाऊजी करंजीचा घाट चढत असत.

“डाव्या हाताने घ्या की,” मी एकदा म्हटलं. त्यांनी घेतला. करंजीला एका म्हाताऱ्याने रस्त्यात आडवं येऊन गाडी थांबवली. “का रं बाबा, उजव्याला लकवा भरला व्हय?” त्यानंतर आठवडाभर तो म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्यापाशी त्यांच्या तब्येतीची चौकशी करत होता, आणि एकाने तर चोळायला तेल पाठवलं. “मग नुसती मान हलवा,” मी म्हटलं. मान हलवली तर टोपी उडून बाजरीत गेली. टोपी शोधायला उतरले म्हणजे गाडी मेलीच.

तेव्हापासून मूठ आपली आपण धरून राहावी म्हणून शोध सुरू झाले, आणि माझ्या घरातल्या वस्तू एकेक करून मुठीकडे चालू लागल्या. पहिल्यांदा कपडे वाळत घालायचा चिमटा. तो मुठीला लावून त्याचं शेपूट ब्रेकच्या दांड्याला टेकवायचं, की मूठ मागे फिरत नाही. घरापासून चांदबिबीच्या महालाच्या पायथ्यापर्यंत तो राहिला, मग असा उडाला की शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याने भाऊजींना खडा मारल्याबद्दल शिव्या दिल्या. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी. ती सकाळी घट्ट बसे आणि उन्हं चढली की ढिली पडे, त्यामुळे दुपारचे रामराम वाया जात. मग माझ्या परकराची नाडी. त्याबद्दल मी फक्त एवढंच सांगते की ती मी परत मागितली नाही.

“वहिनी, तुम्हाला यातली अडचण कळायची नाही,” ते गंभीरपणे म्हणत.

“मला कळते ती एवढीच, की चिमटे संपले.”

मी घर वेळेवर चालवणारी बाई. सकाळी दिवसाच्या कामांची यादी करते आणि संध्याकाळी ती खोडते. त्या यादीत ‘भाऊजींचं लग्न’ हे एक काम चार वर्षं खालच्या ओळीत बसून होतं. यांना विचारलं की हे वर्तमानपत्रामागून “हूं” म्हणत. भाऊजींनी तिशी ओलांडली होती. स्थळं येत आणि फटफटी पाहून जात. शेवटी त्या दुष्काळाच्या वर्षी पाथर्डीच्या पलीकडचं एक स्थळ आलं. शेतकरी माणसं, मुलगी सातवी शिकलेली, चुणचुणीत. एकदाच पाहिलं होतं तिला, पण भाऊजी त्या दिवसापासून जेवताना भाकरीकडे बघून हसू लागले. हे स्थळ गेलं तर हा माणूस असाच राहील, हे मला कळलं, आणि त्यांनाही.

आणि तेवढ्यात निरोप आला. मुलीच्या वडिलांनी मध्यस्थाला सांगितलं होतं, “आमाला न्हाई जमायचं. मी बांधावरनं रामराम घातला, ह्यानं मुंडीबी हलिवली न्हाई. आताच असा, तर जावई झाल्यावर वळख तरी दील का? मानूस माजुरी हाय.”

भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत. मुलीच्या वडिलांनी रामराम घातला, नेमके तेव्हा ते वाकून दोन्ही हातांनी ट्यूबची पट्टी आवळत होते. रामराम घेण्यासाठीच आवळत होते, आणि त्या नादात रामराम राहिला. जगात कुणाला पटलं असतं? मीच ठरवलं, की आपण जाऊन समजूत काढायची. नारळ, साखरेचा पुडा, मुलीच्या आईला खण, आणि भाऊजींना एक अट: माझ्या देखत मूठ सोडायची नाही. “नाही सोडणार,” म्हणाले. मागच्या सीटवर मी नारळ मांडीत धरून बसले तेव्हा मला कुठे ठाऊक, की आदल्या शुक्रवारी ते मुद्दाम वाकडी वाट करून घोडेगावच्या बाजारात गेले होते आणि बैलाच्या गळ्यातला चामड्याचा पट्टा बकलासकट घेऊन आले होते!

गावाच्या तोंडाशी मुलीचे वडील चारचौघांबरोबर लिंबाखाली उभे. भाऊजींनी वाकून बकल लावलं, पाठ ताठ केली, आणि दोन्ही हात सोडून, छातीशी जोडून असा सुरेख रामराम घातला की मलाही भरून आलं. वडिलांनी जरा बिचकून हात वर केला. आम्ही पुढे गेलो.

पुढे गेलोच. पट्टा मुठीला आणि ब्रेकच्या दांड्याच्या बुडाला मिळून असा आवळला होता की ब्रेक दाबेना, आणि बकलही निघेना. क्लच दाबला की इंजिन असं कोकले की गोठ्यासमोरचे बैल दावं तोडू पाहत. म्हणून क्लच सोडायचा, की गाडी पुन्हा चालू. देवळाला वळसा घालून आम्ही परत लिंबाखाली आलो. माणसं समोर उभी आणि आपण नुसतं जायचं? भाऊजींनी पुन्हा रामराम घातला.

“रामराम, रामराम,” वडील म्हणाले.

“भाऊजी, थांबवा!”

“थांबत नाही, वहिनी!”

तिसऱ्या फेरीला वडील ओरडले, “आरं, किती येळा? आता उतर की खाली!”

“उतरता येत न्हाई, मामा! रामराम!”

त्यानंतर आम्ही कडब्याच्या गंजीत उतरलो. गंजी त्यांचीच. त्या वर्षी कडब्याची एकेक पेंढी लोक घरातल्या माणसासारखी जपत होते, आणि आम्ही अख्खी गंजी अंगावर घेऊन पडलो होतो. इंजिन एकदाचं मेलं. सगळं गाव गोळा झालं. मला वाटलं, संपलं. यादीतली ती ओळ आता कायमची खोडायची. कडब्यातून भाऊजी बाहेर आले, कानात कडब्याचं पान, एक चप्पल नाही, आणि सगळ्यांत आधी त्यांनी उजवा हात कपाळाला नेऊन रामराम घातला.

मग भाऊजी खाली बसले आणि एकेक पेंढी उचलून गंजी पुन्हा रचू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. ऊन कलेपर्यंत रचत होते. मी मुलीच्या आईजवळ ओट्यावर बसून राहिले, खण द्यायचंही सुचलं नाही. मुलीने पाणी आणून दिलं आणि हळूच विचारलं, “हे रोजच असं करत्यात?”

“रोजच,” मी म्हटलं. खोटं बोलण्याइतकी ताकद नव्हती.

“का पन?”

“कुणाचा रामराम राहू नये म्हणून.”

ती पदर तोंडाला लावून आत गेली.

वडील गंजीपाशी उभे राहून बराच वेळ बघत होते. शेवटी माझ्याकडे आले. “बाई, माजी चूक झाली,” म्हणाले. “मानूस माजुरी न्हाई. येडा हाय.” मी मान खाली घातली. “येड्याला पोरगी देता येती वो. माजुऱ्याला न्हाई देता येत.”

लग्न त्याच वर्षी झालं, थोडक्यात उरकलं. कारखान्यावर भाऊजींना क्वार्टर मिळाली आणि दोघांनी निघायचा दिवस ठरला. भांडी, गादी, पिठाचा डबा, मी सगळं बांधून आधीच टेम्पोत दिलं होतं. काही राहिलं नव्हतं. मी दारात उभी राहिले. किका मारून झाल्या, नवी नवरी मागे बसली, आणि गाडी निघाली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने नेहमीप्रमाणे रामराम घातला. भाऊजींचे दोन्ही हात हँडलवर होते, नजर समोर, एखाद्या शहाण्या माणसासारखी. रामराम घेतला तो मागे बसलेल्या तिने, उजव्या हाताने, बांगड्या वाजवत. किराणावाला उघड्या तोंडाने बघत राहिला. गाडी मेली नाही.

चार वर्षं मी याचीच वाट पाहत होते. तरी गल्लीच्या टोकाला गाडी वळताना वाटलं, एकदा तरी त्यांनी हात सोडावा, इंजिन बंद पडावं, आणि किका मारत ते थोडा वेळ तिथे उभे राहावेत.