शिट्टीची रांग

“शिट्टी कोणी वाजवली?” रेंजर साहेब गरजले.

कोणीच वाजवली नव्हती. गाड्यांच्या रांगेत बापूच्या गाडीवरचा सागाचा ओंडका घसरून खाली आला आणि दौलत हमालाचा पाय त्याखाली सापडला. आम्ही सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, लावून ओंडका उचलला, दौलतला खाटेवर घालून दवाखान्यात धाडलं. पाय मोडला होता. बापू गाडीच्या चाकाला धरून उभा होता. हा बापू म्हणजे माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ.

“दोर ढिला होता,” साहेब म्हणाले. “याची गाडी बंद. उद्यापासून डेपोत पाय ठेवायचा नाही.”

ही सन पन्नास ते साठच्या मधली गोष्ट. आलापल्लीच्या वाटेवर एका लाकूड डेपोत मी मुकादम होतो. शाळा चौथीपर्यंत. यंदा बायको गेली. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून लिहून राह्यलो.

आधी काम समजून घ्या. त्या साली तोडायला दिलेला जंगलाचा तुकडा म्हणजे कूप. कुपातून ओंडके बैलगाडीवर डेपोत येतात. तिथं ते उतरवून त्यांची थप्पी लावतात. पाऊस लागला की वाटा बंद, म्हणून उन्हाळ्यात सगळी घाई. आदल्या हंगामात ओंडका उतरवताना एकाचा हात चेंगरला. तेव्हा साहेबांनी हुकूम काढला. मुकादमानं जागेवर येऊन पाहावं, शिट्टी वाजवावी, मगच ओंडका बांधलेला दोर सोडावा. मुकादम मी एकटा. डेपो एवढा की या टोकाची हाक त्या टोकाला जात नाही. मी दिवसभर पळायचो, तरी गाड्यांची रांग नाल्यापर्यंत. बैल जुवाखाली उभे, तोंडाला फेस.

आता दौलतचा पाय मोडला तर साहेबांचं औषध काय? शिट्टी दोनदा वाजवायची! एकदा पाहिल्यावर, एकदा पुन्हा पाहिल्यावर. मी कपाळावर हात मारला.

घरी बायको वाटच पाहत होती.

“अवो, बापूनं एकट्यानंच दोर ढिला केला होता का?”

“नाई. रांगेत सगळेच करतेत.”

“मग थोच काऊन घरी बसला?”

“ओंडका त्याचा पडला.”

“उद्या दुसऱ्याचा पडंल. त्याले बी काढतीन. मग गाड्या तुमी ओढान का मुकादम?”

रागावली की ती मला मुकादम म्हणायची. त्या उन्हाळ्यात मी घरातही मुकादमच होतो.

तशात नागपूरकडून एक प्रोफेसर आले. कारखान्यात, हापिसात तीच ती चूक पुन्हा पुन्हा का होते, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मला वाटलं, झालं, आणखी एक लचांड. पण हा माणूस खुर्चीवर बसेना. गाडीवानांसोबत रांगेत उन्हात उभा. त्यांनी दिलेली तंबाखू खाल्ली आणि ठसका लागून लाल झाला. गाडीवान पोट धरून हसले. मग प्रश्न विचारून प्रोफेसरांनी माझा जीव खाल्ला.

“मुकादम, गाडी रांगेत असतानाच दोर का ढिला करतात?”

“शिट्टी झाली की ओंडका लवकर उतरावा म्हणून. बैल मरून राह्यले ना जी उन्हात.”

“शिट्टीचा हुकूम नव्हता तेव्हा करायचे?”

“तेव्हा कायले करतीन? तेव्हा रांगच नव्हती!”

“म्हणजे हुकमानं रांग लागली. रांगेनं घाई आली. घाईनं दोर ढिला झाला. आता शिट्टी दुप्पट केली तर काय दुप्पट होईल?”

मला एकदम दौलतचा पाय दिसला.

प्रोफेसरांनी सगळ्यांना झाडाखाली बसवलं. रेंजर साहेबही होते. पहिलीच अट अशी की कोणाचं नाव घ्यायचं नाही. नाव निघालं की लोक खरं बोलत नाहीत, म्हणे. ते पटलं. एक म्हातारा गाडीवान उठला आणि म्हणाला, “साहेब, दोर आमी सगळेच ढिला करतो. आज करणार नाई, उद्या करू.” साहेबांसमोर असं बोललेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मग ठरलं, शिट्टी बंद. प्रत्येक थप्पीवर एक जुना हमाल नेमायचा, तोच पाहील, तोच सांगेल. पंधरवड्यात रांग गेली. साहेब खूश.

मी म्हटलं, “साहेब, आता बापूची गाडी घ्या.”

“का?”

“चूक त्याची नव्हती, ठरलं ना.”

“सभेत त्याचं नाव निघालं?”

“नावं घ्यायचीच नव्हती जी.”

“मग त्याची चूक नव्हती असं कोण म्हणालं?”

माझं डोकंच फिरलं. मी प्रोफेसरांना ओढत आणलं. त्यांनी साहेबांशी पुष्कळ हुज्जत घातली. साहेबांचं एकच, दिलेला हुकूम मागे घेत नसतो, हवी तर नवी गाडी म्हणून लावतो. आणि नव्या गाडीला सगळ्यांत लांबचा कूप, भामरागडच्या अंगाचा. जवळचे कूप जुन्या गाड्यांना. बापू गेला. त्या वाटेवर त्याचा एक बैल बसला तो उठलाच नाही. हंगाम संपायच्या आत बापूनं गाडी सोडली आणि मुलचेऱ्याकडे दुसऱ्याच्या धानावर मजुरीला लागला.

काही वर्षांनी प्रोफेसर पुन्हा आले. आता मोठे झाले होते, सोबत शिकणारी मंडळी. माझ्या ओसरीवर बसून त्यांनी त्यांना शिट्टीची गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाले, “त्यानंतर कुठंही गेलो की पहिलं हे विचारतो, या चुकीपायी आधीच कोणाला काढलंय का? हे मी इथं शिकलो.”

बायको चहा घेऊन दारात उभी होती.

“शिकले, बरं झालं जी,” ती म्हणाली. “फी मात्र माह्या भावानं भरली.”

शिकणारी मंडळी खाली पाहू लागली. प्रोफेसरांनी हात जोडले. चूक नाव न घेता सुधारता येते, हे त्यांचं खरं. पण काढलेला माणूस परत आणायचा तर त्याचं नाव मोठ्यानं घ्यावंच लागतं.