आत्याबाईंचा हात, माझा पदर

लग्न होऊन रिसोडजवळच्या खेड्यात आले तेव्हा मला दोनच गोष्टी दिसायच्या, माझे पाय आणि चूल. वऱ्हाडाची राजधानी तेव्हा नागपूर होती आणि आमच्या घरात सुनेचा पदर हनुवटीपर्यंत. ओसरीवर कोण बसलंय ते चिलमीच्या वासावरून ओळखायचं. आता हसू येतं. तेव्हा मात्र असा संताप यायचा, की तो पदर चुलीत घालावासा वाटे!

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. मोतीबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. आदल्या वर्षी उंबरठ्याला ठेचकाळून पडल्या, कंबर दुखावली. तेव्हापासून मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यांना बाजेवर बसवलं ते बसवलंच. जरा उठल्या की घरभर ओरडा, "बसून राय! पडशीन!" बसून बसून पायांतलं बळच गेलं. मला म्हणायच्या, "मले दुसरं काही नको वो पोरी. परसात एकटीनं जाता आलं म्हंजे झालं. टमरेल घेऊन जायले बी कोनाची वाट पाहू?" ऐकून मला रडूच आलं.

त्यांना परसात न्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्याच सकाळी मी त्यांचा दंड घट्ट धरला आणि ओढतच निघाले. ओसरीवर मामाजी, म्हणून पदर आणखी खाली. पायरी मला दिसली नाही, त्यांना तर दिसणारच नव्हती. दोघी धाडकन गोठ्यापुढच्या शेणात! मला वाटलं, आता ह्या कायमच्या बाजेवर, आणि माझ्या पायी. आत्याबाई मात्र शेणात बसल्या बसल्या हसत होत्या.

"आंधळीले न्यायले आंधळीच देली माया घरच्यायनं!"

मामाजी धावत आले. "आता उठायचं नाव काढू नको," म्हणाले. त्यावर त्या कधी नव्हे ते चढ्या आवाजात बोलल्या, "उद्या बी जाईन. पन सुनेचा पदर वर राहीन. तिले दिसलं त मी पडत नाही."

"लोक काय म्हनतीन?"

"लोक येतात काय मले उचलाले?"

दुसऱ्या दिवशी मी पदर कपाळावर घेतला. आत्याबाई मला दंड धरू देईनात. "तू ओढते त माया तोल जाते. मीच तुया खांद्यावर हात ठेवीन. तू खाली उतरली का मले समजते." तसंच झालं. पायरी आली की माझा खांदा खाली जाई आणि त्यांचं पाऊल जपून पडे. आधी परस, मग विहीर, मग पार. त्यांच्या पायांत बळ आलं आणि मला गाव दिसलं. थोरल्या दिरांना मिशा आहेत, हेही मला तेव्हाच कळलं!

शिमगा जवळ आलेला. एका दुपारी पुरुष वावरात होते, मी विहिरीवरून लवकर परतले. पाहते तो आत्याबाई अंगणात एकट्या. अनवाणी पायानं जमीन चाचपत उंबरठा ओलांडला, पायरी उतरल्या, वाळत घातलेल्या मिरच्यांना वळसा घालून परसात गेल्या आणि तशाच परत आल्या. कुठे आधार नाही. डोक्यावरची घागर उतरवायचंही मला सुचेना.

"आत्याबाई! तुमाले त एकटीले चालता येते! कधीपासून?"

"दिवाळीपासून. हळू बोल वो."

"मामाजीले सांगते मी, किती खूश होतीन!"

"खुळी हायेस काय? त्यायले समजलं त उद्याच तुया पदर खाली येईन."

संध्याकाळी मामाजी ओसरीवर येऊन बसले, तशी आत्याबाईंनी आतून सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, "सूनबाई, ये वो लवकर, पडीन ना मी एकटी!" मी खांदा पुढे केला. एकटीनं चालायची हौस त्यांनी मरेपर्यंत दुपारच्या रिकाम्या अंगणातच भागवून घेतली.