‘नको’ म्हणून मोठा झालेला जावई

चारचौघांत सुसंस्कृत आणि यशस्वी दिसायचं असेल तर इंग्रजी शिकू नका, सूट शिवू नका. समोर जे येईल त्याला फक्त ‘नको’ म्हणा. माणूस काय खातो यावरून त्याची भूक कळते. काय नाकारतो यावरून त्याची पत ठरते. ही विद्या मी शहापुरातून मुरबाडला नेली आणि तिथेच अडकून बसलो.

मुलगी बघायला गेलो तेव्हा माझी दाढ ठणकत होती. चहा आला. म्हटलं, साखर नको. पोहे आले. मिरची नको. लाडू आला, त्याच्याकडे नुसतं बघून अशी कळ आली की मी डोळे मिटून हात आडवा केला. होणारे सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, ते मामींच्या कानात कुजबुजले, “मोठ्या लोकांत उठबस दिसते गो यांची.”

मी तेव्हा एका गोदामात खोकी रचून घेत होतो. पण दाढेनं जुळवलेली सोयरीक आपण कशाला मोडायची? लग्नानंतर दाढ उपटली, ‘नको’ तेवढं ठेवलं.

मामांनी गावभर सांगितलं, आमचे जावई तेलाला शिवत नाहीत. ती बातमी माळशेजपर्यंत गेली आणि परत आली तेव्हा मी निव्वळ उकडलेल्या दुधीवर जगत होतो आणि मोठमोठे साहेब मला विचारून जेवत होते. मी नुसता मंद हसलो. हेही शिकून ठेवा: थापा लोकांना मारू द्याव्यात, आपण मंद हसावं. बायकोला सगळं ठाऊक. घरी ती मला सुकटाचं कालवण वाढते आणि माहेरी गेली की निमूट दुधी चिरते.

गेल्या गटारीला मामांनी बोलावलं. उद्यापासून श्रावण, म्हणजे महिनाभर त्या घरात अंडंसुद्धा नाही. चुलीवर गावठी कोंबडा रटरटत होता. वास असा की थांबा नसताना एसटी थांबली. शेजारचे काकाही पंगतीला होते. त्यांना रस्सा आणि तांदळाची भाकर. मला दुधी. आणि मामांच्या ताटातही दुधीच.

“हे काय, मामा?”

“जावई एक खाणार नि सासरा दुसरं, शोभतं काय? यंदापासून तुमी खाल तेच आमी.”

हाडाची नळी ओढण्यात पंचक्रोशीत मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. काकांनी नेमकी नळी उचलली. “खाऊ नको, आवाज तरी आईक!” म्हणत सुर्रकन ओढली. मामांचा दुधीचा घास हातातच राहिला.

मी धीर केला. “मामा, आज घेऊ की थोडा रस्सा. मीपण घेतो.”

मामांचे डोळे पाणावले. “बघितलास?” ते काकांना म्हणाले. “माझ्यासाठी सोताचा नेम मोडाया निघाले! याला म्हणतात संस्कार. नायतर तुजा जावई, कुत्र्याला हाडूक ठेवीत नाय.” मग मामींकडे वळून, “टोप आत ने गो. जावयांना वासाचा त्रास होतो.”

टोप आत गेला. माझा जीवही त्याच्यामागून गेला.

हात धुताना मामांनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “जावई, खरं सांगा. तुमाला हे आवडतं?”

एक ‘नाय’ म्हटलं असतं तर आम्ही दोघेही सुटलो असतो. पण मागे काका काडीनं दात कोरत उभे होते, कान सुपाएवढे करून. उद्याच्या बाजारात मामांना तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“सवय झालीय, मामा.”

मामांनी स्वैंपाकघराच्या दाराकडे एकदा बघितलं.

“मग मलापन होईल,” म्हणाले, आणि मामींना हाक मारून त्यांनी अजून थोडा दुधी मागितला. दोघांसाठी.