चारला सुटणारं जहाज

प्रवास करावा तर भित्र्या माणसांसोबत! धाडसी माणसं फोटो घेऊन येतात, भित्री किस्से. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा अहमदपूरच्या एका सरकारी कचेरीत आम्ही तिघं एकदमच कारकून म्हणून लागलो. कांबळे, स्वामी अन् मी. निवृत्तीनंतर, भर दुष्काळात, क्रूझला गेलो. समुद्र तिघांपैकी एकानंही पाहिलेला नव्हता!

कोचीनला उतरताना जहाजावरचा माणूस म्हणाला, "चारला सुटणार. कुणासाठी थांबणार नाही." मी लगेच मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या घड्याळाशी जुळवून घेतलं. स्वामी मात्र निवांत. डेकवरच्या खुर्चीवर रुमाल टाकून आला होता!

"जागा धरलीय की. आता कसे सोडून जातील?"

*

पलीकडच्या जुन्या गावात नेणारी फेरीबोट हलली अन् स्वामीचा निवांतपणा गेला. त्यानं माझं मनगट असं आवळलं, की घड्याळाचा पट्टाच तुटला.

शेजारच्या बाईनं त्याला विचारलं, "अंकल, तैरना नहीं आता?"

"कुवे में पानीच नै, तो सीखना किधर?"

*

जुन्या चर्चमध्ये गाईड सांगत होता, एका दर्यावर्दीला आधी इथंच पुरलं, मग कित्येक वर्षांनी उकरून जहाजानं मायदेशी नेलं.

कांबळेचा चेहरा पांढराफटक. "म्हंजे ह्याचं बी जहाज चुकलंच की!"

मी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. अडीच.

*

सव्वातीनला कांबळेच गायब! त्याचा फोन स्वामीच्या पिशवीत. हाका मारत गल्ल्या पालथ्या घातल्या. परक्या मुलखात एकटा राहिला तर? वहिनींना काय सांगायचं?

सापडला तो रस्त्याकडेच्या नळापाशी. पाणी प्यायला गेला अन् तोटीच हातात आली! धार अंगठ्यानं दाबून उभा होता, घामाघूम.

"सोड! जहाज जाईल!" मी ओरडलो.

"कसं सोडू? आपल्याकडं पंधरा दिवसाला नळ येतोय. चार्ज दिल्याबिगर मी हलणार न्हाई!"

तेवढ्यात शिट्टी वाजवत एक पोलीस आला. आता अटकच! स्वामी माझ्या पाठीमागं लपला. कांबळेनं पोलिसाचा हात धरला, त्याचा अंगठा नळावर ठेवला, दुसऱ्या हातात तोटी दिली अन् कडक सलाम ठोकला. मग आम्ही जे पळत सुटलो, ते थेट फेरीबोटीत!

शिडी काढता काढता चढलो. बंदर दिसेनासं झालं तरी कांबळे कठड्यापाशीच. तोंड उतरलेलं.

"आता काय झालं?"

"त्या साहेबाला रिलीव्ह कोण करणार रे?"