ताईंचा फोटो मागू नका

या पोस्टसोबत फोटो नाही. कमेंटमध्ये मागूही नका.

शैलाताई काल गेल्या.

नवऱ्याच्या मारापासून निसटलेल्या बायकांसाठी त्या पुण्यात एक घर चालवायच्या. कुठे, ते तेव्हा सांगायचं नसे. आजही सांगत नाही.

पंचविशीत मी हडपसरच्या एका आयटी कंपनीत होतो. आमचा सेवा क्लब दर महिन्याला एका शनिवारी एखाद्या संस्थेत जायचा. पाहायचं, शिकायचं, मग ऑफिसच्या अंकात रिपोर्ट. तो मी लिहायचो.

ताईंनी दारातच सांगितलं होतं, "फोटो काढायचे नाहीत."

मी "चेहऱ्यांचे" असं ऐकलं. की तसं ऐकायचं ठरवलं? अजून नक्की सांगता येत नाही.

आत मंदा (नाव बदललंय) पोळ्या लाटत होती. मी फक्त तिच्या हातांचा फोटो काढला. तेव्हा तो मला फार सेन्सिटिव्ह वाटला होता.

पुढच्या भेटीत छापलेला अंक ताईंच्या हातात दिला. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं.

"हे मंदाचे हात."

"हो, पण चेहरा घेतला नाही, ताई."

"मनगटावर भावाचं नाव गोंदलंय, साहेब. चष्म्याशिवाय वाचता येतंय मला."

मी वाकून पाहिलं. नाव स्पष्ट वाचता येत होतं.

"अंक कुठे कुठे गेला?"

"सगळ्या फ्लोअरवर. कँटीनमध्ये. ड्रायव्हर रूममध्ये."

"तिचा नवरा कॅब चालवतो. हडपसरच्याच कंपन्यांच्या."

बाइक काढली आणि ऑफिस गाठलं. ड्रायव्हर रूमच्या टेबलावर अंक होता.

हातांचं पान फाडून नेलेलं.

कुणी वडापाव गुंडाळायला नेलं असेल. नसेलही.

तिथूनच ताईंना फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "बरं. मंदा निघतेय."

तासाभरात मंदा मुलीला घेऊन दुसऱ्या गावी गेली. मुलगी इथल्या शाळेत नुकती रुळली होती.

तिचा नवरा त्या घरापर्यंत कधीच आला नाही. हे वाक्य मी इतकी वर्षं स्वतःला सांगतोय, जणू त्याने माझी चूक कमी होते.

क्लबला आता दार बंद, असं धरून चाललो होतो. आठवड्याने ताईंचाच फोन.

"रिपोर्टमध्ये लिहिलंयत, 'संस्थेला भेट दिली'. काय भेट दिलीत, ते कळलं ना?"

"हो, ताई."

"मग शनिवारी या. पोळ्यांना दोन हात कमी पडतायत."

गेलो. पहिल्या दिवशी माझ्या पोळ्या कुणी खाल्ल्या नाहीत. ताईंनी खाल्ल्या, आणि "नकाशे बरे काढता" म्हणाल्या.

मग पुढची कित्येक वर्षं जात राहिलो. रिपोर्ट पुन्हा लिहिला नाही.

आज क्लबच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "तू एवढा जायचास, ताईंचा एखादा फोटो असेल ना?"

एकही नाही.

ताई, येतो.