रिकाम्या टाकीचे एकेचाळीस दिवस

कागदाच्या कारखान्यात बॉयलरवर चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला शेजारीपाजारी बॉयलरमास्तर म्हणत. निवृत्तीनंतरही ते पाचला उठत, आणि त्यांच्या घरात नळ ठिबकायची सोय नव्हती. असल्या चोख माणसाच्या हातून दोन मासे मेले, आणि तेही चोखपणापायी.

बायकोच्या गुडघ्यांनी जिना सोडला होता. दिवसभर खिडकीत बसून तिला भिंतीशी बोलायची वेळ आली, तेव्हा मास्तरांनी एकशेवीस लिटरची काचेची टाकी आणली. खाऱ्या पाण्याची. मीठ मोजून कालवलं, पंप बसवला, हीटर बसवला. माशांच्या दुकानातल्या बाईंनी ओल्या कागदात गुंडाळून दिलेले समुद्री दगड उघडले, तर वर शेवाळ आणि चिकट थर. गाळाशी मास्तरांचं जुनं वैर. त्यांनी दगड अर्धा तास उकळले आणि तारेच्या घासणीने घासून काढले. टाकी आरशासारखी झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांची जोडी सोडली. बायकोने त्यांची नावंही ठेवली, ठेंगू आणि ठमी.

तिसऱ्या सकाळी दोघंही पोट वर करून तरंगत होते.

ती रडली नाही. मासे काढायची जाळी धुऊन तिने आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

"पुन्हा जीव आणायचा तर मला विचारून. आणि आता एक जरी मेला ना, तर ही काच भंगारात."

मास्तर दुकानात गेले. बाईंनी कपाळावर हात मारला.

"काका, दगड उकळलेत? अहो, त्या चिकट थरातच तर कामकरी होते! माशांच्या घाणीचा अमोनिया होतो, ते विष. एक जंतू ते खातो, त्याचं नायट्राइट होतं, तेही विष. दुसरा जंतू ते खातो, मग नायट्रेट उरतं, ते पाणी बदललं की जातं. ही माणसं कामाला लागायला महिना-दीड महिना लागतो. तोवर टाकी रिकामी ठेवायची."

मास्तरांची मान खाली गेली. थंड बॉयलर घाईने पेटवला की आतल्या विटा तडकतात, हे त्यांनीच प्रत्येक नव्या माणसाला ओरडून शिकवलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. उकळलेले पाषाण.

नवे दगड आले. या वेळी पातेलं फडताळातच राहिलं. जंतूंना खायला म्हणून पाण्यात एक सोललेली कोळंबी सोडली, आणि मास्तरांनी कारखान्यासारखी वही घातली. रोज सकाळी काचेवरच्या रेघेपर्यंत गोडं पाणी भरायचं, कारण वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहतं. मग दुकानातून आणलेल्या तपासणीच्या नळीत टाकीचं पाणी, औषधाचे थेंब, रंग, नोंद. अमोनिया पिवळा म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे विष. आठव्या दिवशी नळी गर्द हिरवी झाली.

बायकोचा धाकटा भाऊ रविवारी आला आणि नाक धरून उभा राहिला.

"दाजी, मासा एक नाही, पण वास मात्र अख्ख्या बंदराचा!"

"कोळंबी कुजतेय. कुजायलाच टाकलीय."

"ताई, ऐकलंस? मासे मेले, आता हे कोळंबीचं श्राद्ध घालतायत."

"तू गप रे," ती म्हणाली. पण हसू तिलाही आवरलं नाही.

तेराव्या दिवशी हिरवा फिका पडला. मास्तरांनी उरलेली कोळंबी काढली आणि नायट्राइटची नळी धरली. निळं पाहिजे होतं, निघालं जांभळं. ते जांभळं दोन आठवडे हललं नाही. त्यातच काचेवर तपकिरी थर चढला. मास्तरांचे हात शिवशिवू लागले. एकदा तर ब्रश पाण्याजवळ गेला.

"अहो," खिडकीतून आवाज आला. "पुन्हा घासताय?"

"फक्त काच."

"मागच्या वेळीही फक्त दगडच होते."

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. कष्ट करायचे म्हटले तर हा माणूस डोंगर फोडेल. काही न करण्याचे कष्ट त्याने जन्मात केले नव्हते. वहीत त्या दिवशी नोंद आहे: "हात लावला नाही."

अडतिसाव्या सकाळी नळी निळी निघाली. मास्तरांनी नळी धुऊन पुन्हा मोजलं. निळीच. ते धावत सुटले नाहीत. दुकानातून अमोनियाची बाटली आणली, सांगितले तेवढे थेंब टाकले. चोवीस तासांनी अमोनिया पिवळा, नायट्राइट निळं. म्हणजे विष आलं, आणि कामकऱ्यांनी एका दिवसात फस्त केलं. बॉयलरच्या भाषेत, टाकीने पूर्ण दाब धरला होता. चाळिसाव्या दिवशी त्यांनी साचलेलं नायट्रेट घालवायला चार बादल्या पाणी काढलं आणि आदल्या संध्याकाळी कालवलेलं मिठाचं पाणी तेवढंच भरलं. मग बायकोसमोर वही ठेवली.

"बघ. मग सांग."

तिने चष्मा लावला. पहिल्या पानापासून वाचलं, "हात लावला नाही"पाशी बोट थांबलं. तिने कनवटीची किल्ली काढली.

एकेचाळिसाव्या दिवशी जोडी आली. मास्तरांनी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी पिशवीत घातलं, तासभर. जाळी बायकोच्या हाती दिली. मासे तिनेच सोडले.

तिसऱ्या सकाळी मास्तरांना उठायचा धीर होईना. पाच वाजून गेले तरी ते पडूनच होते. बाहेर काठीचा आवाज झाला, बायको टाकीपर्यंत चालत गेली होती.

"अहो, उठा! हे मेले दोघं भुकेने काच चाटतायत. खायला घाला, नाहीतर मला खातील!"

रविवारी भाऊ आला तो नाक धरूनच. टाकीसमोर त्याचा हात खाली आला. दोन नारिंगी पट्टे दगडाभोवती पकडापकडी खेळत होते.

"दाजी..."

"आवाज बारीक," बहीण म्हणाली. "जेवतायत ते."

जाळी कपाटात परत गेली नाही. टाकीशेजारी खिळा ठोकायला तिनेच सांगितलं.