पांढरा अधिक पिवळा

चाळिशी उलटली तरी ऑफिसात तिला सगळे धाकटीच म्हणायचे. दाजी नव्या माणसाशी तिची ओळख करून द्यायचे ती तशीच: "ही आमच्या हिची धाकटी." प्रोग्रामर हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. कंपनी दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. रंगाच्या दुकानांत हवी ती छटा मिसळून डबा भरून देणारं यंत्र असतं, त्याचं सॉफ्टवेअर ही कंपनी करायची. दाजींचं आणि धाकटीचं पहिल्यापासून वाकडं.

धाकटीनं तो प्रोग्राम नव्यानं लिहिला, तेव्हा दाजी खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"पांढरा अधिक पिवळा? बेरीज आकड्यांची असते बाई, रंगांची नाही."

"अधिकचं चिन्ह कॉम्प्युटरला आकड्यांपुरतं ठाऊक असतं. रंग हा प्रकार आपण बनवलाय. त्याच्यासाठी अधिक म्हणजे काय करायचं, ते आपणच लिहून द्यायचं. ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतात त्याला."

"मला शिकवू नकोस."

पण किडा वळवळलाच. ती सुट्टीवर असताना दाजी तिच्या कोडमध्ये शिरले. दर बेरजेला नवा रंग तयार होतो, उगाच मेमरी खातो, म्हणून त्यांनी नवा रंग बनवणारी ओळ उडवली आणि पिवळा थेट मूळ पांढऱ्यातच मिळवून टाकला.

आठवड्याभरात एक दुकानदार तणतणत आला. "छटा एक, नंबर एक. सकाळच्या डब्यानं रंगवलेली भिंत सायीसारखी आणि संध्याकाळच्या डब्यानं हळदीसारखी! गिऱ्हाईक माझ्या नरड्यावर बसलंय."

"हिनं लिहिलंय," दाजी पटकन म्हणाले.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं कोड उघडला, बदललेली ओळ पाहिली आणि स्क्रीन दोघांकडे फिरवली.

"दाजी, दोन अधिक तीन?"

"पोरखेळ आहे का? पाच."

"आणि त्या दोनाचं काय होतं?"

"काय व्हायचंय? दोन दोनच राहतो."

"तुमच्या बेरजेत राहत नाही. त्याचाच पाच होतो. प्रत्येक डब्यागणिक यंत्राच्या हिशेबातला पांढरा आणखी पिवळा होत जातो. सकाळी यंत्र पुन्हा सुरू केलं की तो परत पांढरा, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. बेरजेनं तिसरा रंग द्यायचा असतो, पहिल्या दोघांना हात लावायचा नसतो. ही ओळ तुमची आहे. बदल कुणी केला त्याची आपोआप नोंद होते, खाली तुमचं नाव आहे."

दुकानदार दाजींकडे बघतच राहिला. दाजींचे कान लाल झाले.

संध्याकाळी बहिणीचा फोन. "परक्या माणसापुढे त्यांचा पाणउतारा करायची काय गरज होती?"

"आणि त्यांनी माझा केला तो?"

"ते मोठे आहेत."

धाकटीनं फोन आपटला. दुसऱ्या दिवशी राजीनामा टेबलावर टाकला, दाजींनी वर न बघता सही केली.

महिन्याभरानं भाचीकडून कळलं की दाजींनी धाकटीची मूळ ओळ होती तशी परत घातली. नातेवाइकांत मात्र सांगतात, "हिनं घोळ घातला, मी निस्तरला." धाकटी खुलासा करायला गेली नाही. बहिणीच्या घरची पायरीही ती पुन्हा चढली नाही.